रंगाने चित्र उभारणारे हरी अंबादास गाडे

स्वातंत्र्योत्तर भारतीय चित्रकलेचा इतिहास सांगताना १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा, म्हणजे प्रागतिक चित्रकारांच्या गटाचा, उल्लेख टाळता येत नाही; आणि त्या गटाच्या सहा संस्थापकांपैकी सूझा, रझा आणि हुसेन ही तीन नावे चित्रकलेशी फारसा संबंध नसलेल्या वाचकाच्याही कानावरून गेलेली असतात. उरलेल्या तिघांपैकी कृष्णाजी हौळाजी आरा यांची फुलांची स्थिरचित्रे संग्राहकांच्या परिचयाची आहेत आणि सदानंद बाकरे हे गटातील एकमेव मूर्तिकार म्हणून लक्षात राहतात. मात्र सहावे संस्थापक हरी अंबादास गाडे यांचे नाव यादी पूर्ण करण्यापुरते घेतले जाते आणि पुढच्या वाक्यात विसरले जाते. जेथे त्यांची ओळख करून दिली जाते तेथेही ‘भारतातील आरंभीचे अमूर्त चित्रकार’ एवढ्या एका ओळीत ती आटोपते. ही ओळख चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण गाडे यांच्या चित्रात अमूर्तता आली ती रंगाच्या मागोमाग आली. रंग हाच त्यांच्या चित्राचा सांगाडा होता, आणि रंगाला दिलेल्या या अग्रक्रमाचे मूळ शोधू गेल्यास विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये उदयाला आलेल्या फोव्हिझम या चळवळीपर्यंत जावे लागते.

गाडे यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१७ रोजी तळेगाव दशासर येथे झाला. हे गाव अमरावती जिल्ह्यात असले तरी यवतमाळकरांना ते परके नाही. मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे धामणगाव हे यवतमाळच्या लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे स्टेशन, आणि तळेगाव दशासर त्याच धामणगाव परिसरातले, बैलांच्या शंकरपटासाठी साऱ्या विदर्भात नाव असलेले गाव आहे. गाडे यांच्या लहानपणी वऱ्हाडचे हे सारे जिल्हे मध्यप्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात मोडत होते आणि उच्च शिक्षणासाठी नागपूर गाठणे हा कापसाच्या या पट्ट्यातील मुलांचा ठरलेला रस्ता होता. गाडेही नागपूरला गेले, परंतु चित्रकलेसाठी नव्हे. त्यांनी विज्ञानाची पदवी घेतली. चित्रकलेचे औपचारिक शिक्षण त्यांनी नंतर नागपूरच्याच स्कूल ऑफ आर्टमध्ये घेतले, आणि विशेष असे की या शिक्षणाची पदविका १९४९ साली त्यांच्या हाती पडली तेव्हा देशातील सर्वांत धीट चित्रकार-गटाचे ते संस्थापक सदस्य होऊन गेलेले होते.

गाडे यांची चित्रे कशी पाहावीत हे समजण्यासाठी काही काळ वऱ्हाड सोडून पॅरिसकडे वळणे आवश्यक आहे. १९०५ सालच्या शरद ऋतूत तेथील ग्रां पॅले या भव्य वास्तूत ‘सालों दोतोन’ नावाचे वार्षिक प्रदर्शन भरले होते आणि त्याच्या सातव्या दालनात आंरी मातिस, आंद्रे दरँ, मोरिस व्लामिंक, आंरी मांगँ, शार्ल काम्वाँ, आल्बेर मार्के इत्यादी तरुणांची चित्रे एकत्र लावण्यात आली होती. त्या चित्रांतील रंग इतके भडक आणि वास्तवाशी इतके फटकून होते की प्रेक्षकांना तो सरळसरळ उपमर्द वाटला. लुई व्होसेल या समीक्षकाने ‘जील ब्लास’ या वृत्तपत्रात लिहिताना, त्याच दालनात ठेवलेल्या, इटालियन प्रबोधनकालीन शैलीशी जवळीक सांगणाऱ्या एका शिल्पाची स्थिती हिंस्र श्वापदांच्या कळपात सापडलेल्या, प्रबोधनकाळातील शिल्पकार दोनातेल्लोसारखी झाली आहे, अशा आशयाचा शेरा मारला. फ्रेंच भाषेत अशा श्वापदांना ‘फोव्ह’ म्हणतात, आणि टिंगल म्हणून उच्चारलेला हा शब्दच चळवळीचे नाव होऊन बसला. मराठी कलासमीक्षेत तिला रंगभारवाद असे म्हटले जाते. याच १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची फेररचना होऊन जुन्या वणी जिल्ह्याला दारव्हा आणि पुसद हे तालुके जोडले गेले व त्याचे नाव यवतमाळ जिल्हा असे झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, पण ही चळवळ काळाच्या हिशेबाने किती जवळची आहे हे त्यावरून ध्यानात यावे.

या चळवळीने नेमके काय केले, हे सांगताना ‘त्यांनी भडक रंग वापरले’ एवढेच म्हणून भागत नाही. भडक रंग जगभरच्या लोककलेत पूर्वीपासून होते, आणि आपल्याकडच्या बसोली किंवा माळवा शैलीतील लघुचित्रांत तर संपूर्ण पार्श्वभूमी एकाच सपाट लाल वा पिवळ्या रंगाने भरण्याचा प्रघात कित्येक शतके जुना होता. युरोपमध्ये मात्र प्रबोधनकाळापासून रंगाकडे दुय्यम भूमिका होती. आधी रेखाटन, मग छायाप्रकाशाने वस्तूला दिलेला गोलावा, दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दाखवणारे यथादर्शन, आणि या सर्वांवर शेवटी रंगाचा साज, असा तो क्रम होता. वस्तूचा जो रंग असेल तो तिला द्यायचा आणि सावलीत तोच रंग काळवंडून दाखवायचा, ही रंगाची मर्यादा होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृक्प्रत्ययवादी चित्रकारांनी, म्हणजे क्षणोक्षणी बदलणारा प्रकाश डोळ्यांना जसा दिसतो तसा टिपू पाहणाऱ्या मोने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, सावलीतला काळा रंग काढून टाकला. व्हॅन गॉग आणि गोगँ यांनी रंगाला भावनेची भाषा दिली. फोव्हिस्ट चित्रकार यापुढे एक पाऊल गेले. झाड हिरवे असते म्हणून ते हिरवे रंगवायचे, हे बंधन त्यांनी झुगारले आणि चित्रातील एखाद्या जागी कोणता रंग यावा हे त्या जागी काढलेली वस्तू ठरवणार नाही, शेजारचा रंग ठरवील, असे मानले.

मातिसने १९०५ साली काढलेले आपल्या पत्नीचे व्यक्तिचित्र या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. उंची दीड फूटही भरणार नाही अशा या चित्रात कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि पुढे हनुवटीपर्यंत एक हिरवा पट्टा ओढलेला आहे. त्याच्या एका बाजूचा गाल पिवळसर, दुसऱ्या बाजूचा गुलाबी, केस निळसर काळे, आणि मागच्या भिंतीवर हिरवा, जांभळा व शेंदरी असे तीन रंग आपापल्या जागा धरून बसलेले आहेत. प्रथमदर्शनी हा पट्टा विचित्र वाटतो. परंतु थोडे थांबून पाहिले की लक्षात येते, जुन्या पद्धतीचा चित्रकार ज्या ठिकाणी चेहऱ्याची उजेडातली बाजू आणि सावलीतली बाजू यांची सीमा दाखवण्यासाठी तपकिरी छटा हळूहळू गडद करीत गेला असता, नेमक्या त्या ठिकाणी मातिसने हिरवा पट्टा दिला आहे. नाकाचा उंचवटा त्या पट्ट्यामुळेच जाणवतो, चेहऱ्याला घनता त्यामुळेच येते, आणि हे सारे सावलीचा एकही ठिपका न वापरता साधते. छायाप्रकाशाचे काम रंगावर सोपवणे, हा फोव्हिझमचा गाभा या एका पट्ट्यात पाहता येतो.

रंगाला हे सामर्थ्य कोठून येते याचे उत्तर शास्त्रात आहे आणि ते समजायला कठीण नाही. पॅरिसच्या गोबलाँ या विख्यात गालिचा-कारखान्यातील रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले होते की, एखादा रंग डोळ्यांना कसा दिसतो हे त्याच्या शेजारी कोणता रंग आहे यावर अवलंबून असते, आणि परस्परविरोधी रंग शेजारी आले की दोन्ही अधिक प्रखर भासतात. महाराष्ट्रात शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना जे रंगचक्र काढावे लागते, त्यात समोरासमोर येणाऱ्या लाल–हिरवा, निळा–नारिंगी, पिवळा–जांभळा या जोड्या म्हणजेच हे विरोधी रंग होत. यवतमाळच्या वाचकाला याचा दाखला पुस्तकात शोधण्याची गरज नाही. फाल्गुनात पांढरकवडा आणि घाटंजीकडच्या रानात पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसते, आणि पलीकडचे आभाळ ढगाचा ठिपका नसलेले निळे असते. ते नारिंगी फूल हातात घेऊन पाहिले तर ते सुंदर दिसते, पण त्या निळ्यावर ते पेटल्यासारखे दिसते. फुलाचा रंग दोन्ही वेळी तोच असतो, बदललेली असते ती शेजारची बाजू. फोव्हिस्टांनी हा अनुभव निसर्गात सापडेपर्यंत थांबण्याचे नाकारले आणि तो कॅनव्हासवर मुद्दाम घडवून आणला. १८४१ साली अमेरिकन चित्रकार जॉन रँड याने शोधलेल्या, दाबून रंग काढता येणाऱ्या धातूच्या नळ्यांमुळे तयार आणि तेजस्वी रंग उघड्यावर नेणे तोवर नित्याचे झाले होते, आणि या चित्रकारांनी कित्येकदा नळीतला रंग दुसऱ्या रंगात न मिसळता तसाच फासला.

चळवळ म्हणून फोव्हिझमचे आयुष्य फार थोडे होते. १९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि दरँ यांनी भूमध्य समुद्रकाठच्या कोलियूर या मच्छीमारांच्या गावी शेजारी शेजारी बसून चित्रे काढली, त्यानंतरच्या दोन वर्षांत दरँने लंडनला जाऊन थेम्स नदीवरचे पूल आणि धक्के लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत रंगवले, व्लामिंकने झाडांची खोडे शेंदरी केली, आणि १९०८ च्या सुमारास सगळे पांगले. ब्राक हा त्यांच्यातला तरुण सोबती पिकासोबरोबर घनवादाकडे, म्हणजे वस्तूचे भौमितिक पैलूंत विघटन करणाऱ्या शैलीकडे वळला. दरँ जुन्या परंपरेकडे परतला. मांगँ, काम्वाँ, जाँ प्युई आणि लुई व्हालता यांसारखे चित्रकार मात्र रंगाचा तो आनंद पुढेही आपल्या परीने जपत राहिले, आणि नव्या वळणावर न गेल्यामुळे कलेतिहासाच्या पुस्तकांत तळटीपेपुरते उरले. कलेचा इतिहास बहुतेक वेळा वळणांचा लिहिला जातो. जे चित्रकार एका गोष्टीत खोल उतरत राहतात त्यांच्यावर या पद्धतीत अन्याय होतो, आणि गाडे यांच्या बाबतीतही काही अंशी तेच घडले आहे.

युरोपातील हा रंगविचार मुंबईला पोहोचायला तीन दशके लागली. १८५७ साली स्थापन झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ब्रिटिश अकादमीची वास्तववादी शिकवण दीर्घकाळ प्रमाण होती. तिच्यातून धुरंधरांसारखे थोर चित्रकार घडले, पण त्या शिकवणीत रंगाचे स्थान वर सांगितल्याप्रमाणे शेवटचे होते. १९३० च्या दशकात नाझी राजवटीच्या सावलीत मध्य युरोपातून मुंबईत आलेल्या काही मंडळींनी हे वातावरण बदलण्यास मोठी मदत केली. व्हिएन्नाचे चित्रकार वॉल्टर लँगहॅमर हे टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. रूडी फॉन लायडन हे शिक्षणाने भूगर्भशास्त्रज्ञ असलेले गृहस्थ त्याच वृत्तपत्रात कलासमीक्षा लिहू लागले. एमान्युएल श्लेसिंगर हे औषधनिर्मितीच्या व्यवसायातील उद्योजक तरुण चित्रकारांची चित्रे विकत घेऊ लागले. लँगहॅमर यांच्या घरी जमणाऱ्या तरुणांना युरोपीय आधुनिक चित्रांच्या छापील प्रतिकृती पाहायला मिळत, त्यांवर चर्चा होई, आणि स्वतः लँगहॅमर यांची चित्रेही सढळ, भारलेल्या रंगांची होती. ज्या काळात मातिसचे मूळ चित्र पाहण्याची संधी भारतात राहणाऱ्या तरुणाला जवळजवळ नव्हती, त्या काळात या प्रतिकृतींचे मोल किती असेल याची कल्पना आज करणे अवघड आहे.

अशा वातावरणात फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, आरा, बाकरे आणि गाडे यांचा गट उभा राहिला. या सहांची पार्श्वभूमी एकमेकांशी जराही जुळणारी नव्हती. सूझा गोव्याचे ख्रिस्ती, जे. जे. मधून काढून टाकलेले. हुसेन सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेले. आरा घरकाम आणि गाड्या धुण्याचे काम करता करता चित्रकार झालेले. रझा मंडल्याच्या जंगलात वनखात्यातील वडिलांच्या सहवासात वाढलेले. आणि गाडे वऱ्हाडातून आलेले विज्ञानाचे पदवीधर. रझाही १९३९ पासून काही वर्षे नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी होते आणि नंतर या गटाशी जोडले गेलेले वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरातच झाला होता. तेव्हा मुंबईच्या मानल्या जाणाऱ्या या चळवळीत विदर्भाचा वाटा लक्षणीय होता, ही गोष्ट विदर्भातही पुरेशी सांगितली जात नाही. गटाचे मुंबईतील गाजलेले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरले आणि त्याचे उद्‌घाटन लेखक मुल्कराज आनंद यांनी केले. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत सूझा यांनी गटाची भूमिका मांडताना आशय आणि तंत्र या दोन्ही बाबतींत संपूर्ण स्वातंत्र्य मागितले, आणि आपण केवळ सौंदर्यरचनेचे काही मूलभूत नियम मानतो असे म्हणताना त्या मोजक्या नियमांत रंगसंयोजनाचा स्पष्ट उल्लेख केला. सूझा यांच्या स्वतःच्या चित्रात सर्वाधिक जोर रेषेचा होता. त्या वाक्यातील रंगसंयोजन हा शब्द गटात कोणी सर्वांत शब्दशः घेतला असेल तर तो गाडे यांनी, असे त्यांची चित्रे पाहताना वाटते.

गाडे यांनी सुरुवात जलरंगातील निसर्गचित्रांनी केली. जलरंग हे मूलतः पारदर्शक माध्यम आहे. त्यात खालचा कागद रंगातून उजळत राहतो, एकदा दिलेला हात मागे घेता येत नाही, आणि रंग एकमेकांत मिसळण्याकडे त्याचा कल असतो. वस्तूंच्या बारीकसारीक तपशिलाऐवजी रंगाचे मोठे ओघ पाहण्याची सवय या माध्यमाने त्यांना लावली असावी. पुढे ते तैलरंगांकडे वळले आणि कुंचल्याबरोबर पॅलेट नाइफचा वापर करू लागले. पॅलेट नाइफ म्हणजे रंगपाटीवर रंग कालवण्यासाठी वापरली जाणारी, लवचिक पात्याची बोथट सुरी. तिनेच रंग उचलून थेट कॅनव्हासवर दाबून बसवला की चित्राचे स्वरूपच बदलते. कुंचल्याच्या केसांनी दोन रंगांची कड पुसट करता येते, एका छटेतून दुसऱ्या छटेत सावकाश उतरता येते. सुरीने तसे करणे अवघड असते. ती रंगाचा जाड थर एका दमात पसरवते, जेथे थांबते तेथे थराला उभी धार ठेवते, आणि शेजारचा रंग आला तरी पहिला आपली जागा सोडत नाही. म्हणजे सुरी हाती घेणारा चित्रकार छायाप्रकाशाची हळुवार चढउतार आपखुशीने सोडून देतो आणि चित्र उभे करण्याची सगळी जबाबदारी रंगांच्या परस्परसंबंधावर टाकतो. मातिसने हिरव्या पट्ट्याने जे केले ते गाडे यांनी भिंती आणि छपरांच्या बाबतीत केले.

गावे, वस्त्या आणि एकमेकांना खेटून उभी असलेली घरे हा त्यांच्या १९५० च्या दशकातील चित्रांचा मोठा विषय आहे. अशा चित्रात घराची भिंत म्हणजे रंगाचा एक चौकोन असतो, उतरते छप्पर म्हणजे एक त्रिकोण वा तिरपा पट्टा, आणि दारे-खिडक्या म्हणजे गडद रंगाची छोटी खाच. घरे मागे मागे लहान होत जात नाहीत. ती एकावर एक रचल्यासारखी वर चढतात, त्यामुळे आकाशाला उरलेली जागा अरुंद होते आणि पाहणाऱ्याची नजर दूर निघून जाण्याऐवजी चित्राच्या पृष्ठभागावरच फिरत राहते. माणसे क्वचितच दिसतात. तरीही वस्ती निर्मनुष्य वाटत नाही, आणि याचे श्रेय रंगाला आहे. लालसर भिंतीला लागून आलेले निळे छप्पर, त्या निळ्याला अडवणारा पिवळा, आणि या सर्वांना बांधून ठेवणारा काळा, अशा मांडणीत उष्ण रंग पुढे येतात, शीत रंग मागे सरतात, आणि यथादर्शनाच्या एकाही रेषेशिवाय चित्रात खोली निर्माण होते. उष्ण आणि शीत या संज्ञा येथे रंगांच्या परिणामाबद्दल आहेत. लाल, नारिंगी, पिवळा हे रंग डोळ्यांना जवळ आल्यासारखे भासतात आणि निळा व हिरवा दूर गेल्यासारखे, हा सर्वसामान्य अनुभव आहे. काळ्या रंगाबद्दल थोडे अधिक सांगणे योग्य होईल. दृक्प्रत्ययवाद्यांनी हद्दपार केलेला काळा मातिसने सावली म्हणून नव्हे तर इतर रंगांच्या बरोबरीचा एक रंग म्हणून परत आणला होता. गाडे यांच्या चित्रातही काळा सावलीसाठी येत नाही, तो दोन प्रखर रंगांमध्ये उभा राहून दोघांनाही स्थिर करतो.

या रचनेत विज्ञानाच्या पदवीधराचा हात जाणवतो असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. गाडे यांचे रंग कितीही तीव्र असले तरी त्यांचे आकार बेबंद होत नाहीत. चौकोनाला चौकोनाचा तोल, तिरप्या कडेला विरुद्ध दिशेची तिरपी कड, आणि एका कोपऱ्यात आलेल्या रंगाची दुसऱ्या कोपऱ्यात दिलेली छोटी पुनरावृत्ती, अशी हिशेबी बांधणी त्यांच्या चित्रात आढळते. ऐतिहासिक अर्थाने गाडे यांना फोव्हिस्ट म्हणता येत नाही, कारण चळवळ विसर्जित झाली तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता, आणि फोव्हिस्टांच्या चित्रात कुंचल्याचा जो तुटक, धावता फटकारा दिसतो तो त्यांच्याकडे दिसत नाही. त्यांनी फोव्हिस्टांकडून रंगाचे स्वातंत्र्य घेतले, घनवादाकडून आकारांची शिस्त घेतली, आणि या दोन्हींच्या मधली जी वाट निवडली ती त्यांची स्वतःची होती. आपल्याकडच्या लघुचित्रांशीही तिचे नाते लागते. सपाट रंगक्षेत्रे आणि एकावर एक रचलेल्या इमारती हे राजस्थानी व माळवी चित्रांचे लक्षण मातिसच्या कितीतरी आधीचे आहे, आणि म्हणूनच पॅरिसचा रंगविचार भारतीय चित्रकाराच्या हाती आल्यावर उपरा वाटला नाही.

गट फार काळ एकत्र राहिला नाही. सूझा १९४९ मध्ये लंडनला गेले, रझा फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १९५० मध्ये पॅरिसला गेले, त्यानंतर बाकरेही इंग्लंडला निघून गेले. त्याच १९५० साली कलकत्ता ग्रुप या बंगाली चित्रकारांच्या गटाबरोबर कलकत्त्यात संयुक्त प्रदर्शन झाले, गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत यांच्यासारखे नवे सहकारी मिळाले, पण १९५६ च्या सुमारास गट संपुष्टात आला. गाडे भारतातच राहिले. त्यांची उपजीविका अध्यापनावर चालली, आणि चित्रविक्रीवर पोट अवलंबून नसल्यामुळे त्यांना आपल्या गतीने काम करता आले. त्याची किंमत मात्र प्रसिद्धीच्या रूपाने मोजावी लागली. जुन्या सोबत्यांपैकी ज्यांना पॅरिस-लंडनच्या दालनांचा आधार मिळाला किंवा हुसेन यांच्याप्रमाणे लोकांसमोर सतत राहण्याचे बळ होते, त्यांची नावे वाढत गेली. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने मुंबईत घेतलेल्या लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले तेव्हा त्या पिढीकडे साऱ्या देशाचे लक्ष वळले, तरी त्या उजेडाचा फार थोडा भाग गाडे यांच्या वाट्याला आला. जाणकार चित्रकारांत मात्र त्यांचा मान मोठा होता, आणि चित्रकारांचा चित्रकार असे त्यांचे वर्णन केले जाते ते याच कारणाने. रंगांची एखादी अवघड सांगड कशी सोडवली आहे हे सर्वांत आधी त्याच अडचणीशी झगडणाऱ्याला दिसते.

नंतरच्या काळात त्यांच्या चित्रातील घरे हळूहळू ओळखू येईनाशी झाली. छपराचा त्रिकोण राहिला पण छप्पर गेले, भिंतीचा चौकोन राहिला पण भिंत गेली, आणि शेवटी वस्तूशी कोणतेही नाते न सांगणारी, फक्त रंगांच्या थरांनी घडलेली चित्रे उरली. अमूर्त चित्र म्हणजे ज्यात ओळखीच्या वस्तूचे चित्रण नसते ते. अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर सामान्य प्रेक्षकाला ‘यात काय आहे’ हा प्रश्न पडतो आणि उत्तर न मिळाल्याने तो पुढे सरकतो. गाडे यांच्या बाबतीत हा प्रश्न सोडवण्याची एक सोपी वाट आहे. त्यांची वस्तीची चित्रे आधी पाहावीत, त्यातील एखाद्या घराच्या भिंतीवर नजर ठेवून तो रंग शेजारच्या रंगामुळे पुढे येतो की मागे जातो हे पाहावे, आणि मग अमूर्त चित्राकडे वळावे. घरे नाहीशी झाली तरी रंगांचे तेच व्यवहार तेथे चालू असल्याचे दिसू लागते आणि चित्रकाराने मधल्या काळात कोणतीही उडी मारलेली नाही, हे पटते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे काम जतन केलेले आहे.

गाडे १६ डिसेंबर २००१ रोजी वारले. त्यांच्यावर मराठीत, विशेषतः ज्या भागातून ते आले त्या भागातील वाचकांसाठी, चित्रांच्या चांगल्या रंगीत छपाईसह एक सविस्तर ग्रंथ निघणे अगत्याचे आहे. रंगावर जगलेल्या चित्रकाराची ओळख काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवरून होऊ शकत नाही. आणि रेखाकला परीक्षांसाठी रंगचक्र गिरवणाऱ्या यवतमाळ, दारव्हा, नेर, धामणगावच्या मुलांना आणि त्यांच्या चित्रकला-शिक्षकांना, त्या चक्रातील समोरासमोरच्या जोड्यांचे पुढे काय होऊ शकते हे दाखवण्यासाठी मातिसच्या शेजारी ठेवता येईल असे जवळच्या गावातले उदाहरण उपलब्ध आहे.